कुणाचा पाव बंद करायचा

आमच्या घरामागे एक अरुंद गल्ली आहे. तिथलं झाडणं कुणाचं आणि तोडणं कुणाचं यावर इतकी वर्षं कुणाचंच एकमत झालेलं नाही, त्यामुळे ब्लॅकबेरीचं रान बेफाम माजलंय. ऑगस्ट सरत आला की फळं काळी पडतात, सुट्टीतली पोरं येता-जाता तोंडं जांभळी करून घेतात, आणि आमच्या दक्षिण लंडनमधल्या क्रॉयडनच्या ट्रॅममध्ये घामामुळे माणसं एकमेकांपासून जरा जास्तच अंतर राखून उभी राहतात. परवा मी वाटी घेऊन गल्लीत गेले, सवयीप्रमाणे कोपरापर्यंत हात ओरबाडून घेतला, आणि वर पाहिलं तर आमच्या मागच्या खोलीची खिडकी बंद होती. एवढ्या उकाड्यात ती बंद बघायची मला अजून सवय झालेली नाही. दोन उन्हाळ्यांपूर्वी त्या खिडकीत दिवसभर एक टेबलफॅन घरघरत असायचा आणि त्याच्यामागे यामिला टाइप करत बसलेली असायची.

यामिला म्हणजे आमची त्या वर्षाची भाडेकरू. तिच्या देशाचं नाव मी इथे लिहिणार नाही, कारण ती परत गेली आहे आणि सरकारी नोकरीत आहे. समुद्रातला देश, उसाचा देश, क्रांती झालेला आणि तिच्या घोषणा अजून भिंतींवर रंगवून ठेवणारा देश, एवढं पुरे. तिथल्या अर्थखात्यात ती धाकट्या पदावर होती. लंडनला एक वर्ष मास्टर्स करायला स्कॉलरशिपवर आली. कोर्स संपला की परत जायचं, ही अट. आमची रिया तेव्हा मेडनहेडला फ्लॅट घेऊन राहायला गेली होती. ‘आई, माझा खोली दे ना तिला, रिकामाच आहे,’ असं तिने तिच्या इथे शिकलेल्या मराठीत फोनवरच सांगून टाकलं, आणि खोली गेली. मला मावशी म्हणायचं हे मी यामिलाला पहिल्याच आठवड्यात शिकवलं. बाकी आमचं बोलणं इंग्रजीत. तिचं इंग्रजी पुस्तकातलं, माझं कौन्सिलच्या ऑफिसातलं. इथे आपलं मराठीत लिहिते.

या देशातली घरं थंडी बाहेर ठेवायला बांधलेली असतात, त्यामुळे उन्हाळ्यात ती उकाडा आत ठेवतात. मागची खोली तर संध्याकाळपर्यंत तव्यासारखी तापायची. तरी यामिला पंखा लावला की हसायची. इथे लाइट जात नाही हे तिला वर्षभर पटलं नाही. प्लग दिसला की फोन चार्जिंगला लावायचा, बादली दिसली की भरून ठेवायची. बाथटबमध्ये भरलेली बादली बघून माधव, म्हणजे माझा नवरा, दर वेळी विचारायचा, ‘हे काय, पाणी जाणारे का आज?’ तो ब्रॅकनेलला सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याला प्रत्येक गोष्टीचं कारण लागतं. मी म्हणायचे, असू दे रे, चिंचवडला माझी आईसुद्धा भरून ठेवायची.

एकदा मी तिला पोस्टात घेऊन गेले. शनिवार सकाळ, दारापर्यंत रांग. यामिलाने आत शिरल्या शिरल्या मोठ्याने विचारलं, ‘शेवटचं कोण?’ सगळे आपापल्या फोनकडे बघायला लागले. शेवटी एका टाय लावलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी भीत भीत हात वर केला. ती त्यांना थँक्यू म्हणाली आणि सरळ बाहेर निघून गेली. मला वाटलं, बाथरूमला गेली असेल. ती समोरच्या दुकानांतून चक्कर मारून आरामात परत आली तेव्हा ते गृहस्थ काउंटरजवळ पोचले होते. ही तडक जाऊन त्यांच्या मागे उभी. मध्ये डझनभर इंग्रज आणि मी!  घसा खाकरण्याचा तो एक खास आवाज असतो ना इथला, तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला. मी लाजेने अर्धी झाले. तिला दंडाला धरून मागे आणायला गेले तर ती म्हणते, ‘पण मी त्यांच्याच मागे आहे, विचारा ना त्यांना!’ आणि त्या गृहस्थांनी, देव त्यांचं भलं करो, मान डोलावून सांगितलं, ‘टेक्निकली, आहे खरी.’

तिच्या देशात रांग अशीच असते. आल्यावर शेवटचं कोण ते विचारायचं, त्याचा चेहरा लक्षात ठेवायचा, तुमच्यानंतर येणारा तुमचा चेहरा लक्षात ठेवणार. मग सावलीत बसा, घरी जाऊन भात टाकून या, भांडा, प्रेम करा. रांग माणसांच्या डोक्यात असते. दुकानाचं दार उघडलं की सगळे बरोबर आपापल्या जागी येतात. मला हे ऐकून आमची रॉकेलची गाडी आठवली. कॉलनीत गाडी यायच्या आधी तासभर रस्त्याच्या कडेला डबे रांगेत बसलेले असायचे. आमच्या डब्याच्या कडीला आईच्या जुन्या पातळाची लाल चिंधी होती. आया घरात स्वयंपाक करत असायच्या, डबे उन्हात उभे, आणि डबा पुढे सरकवायची कुणाची हिंमत नव्हती. ज्यांच्याकडे गॅस होता त्यांचे डबे तिथे नसत. कुणाचा डबा येईनासा झाला की कॉलनीला कळायचं की यांचं बरं चाललंय. यामिलाला हे सांगितलं तेव्हा तिने एवढंच विचारलं, ‘मग गॅस आलेल्या घराशी बाकीचे नीट बोलायचे का?’ मी म्हटलं, बोलायचे गं, पण जरा वेगळं बोलायचे.

तिचा प्रबंध पावाबद्दल होता. तिथे माणशी रोज एक गोल पाव कार्डावर मिळतो, जवळजवळ फुकट. डॉक्टरलाही तोच, झाडूवाल्यालाही तोच. पण गहू त्यांच्याकडे पिकत नाही. बाहेरून आणायचा तर डॉलर लागतात. साखरेचा धंदा बसला, टूरिस्ट आटले, डॉलर संपले. पाव आधी हलका झाला, मग आंबूस झाला, मग एखाद्या दिवशी आलाच नाही. दुसरीकडे सरकारने सुधारणा म्हणून छोट्या खाजगी दुकानांना परवानगी दिली. कुणाच्या व्हरांड्यात, कुणाच्या गॅरेजमध्ये दुकानं उघडली, आणि तिथे तेल, चीज, बाहेरची बिस्किटं, सगळं थप्प्या लावून ठेवलेलं. यामिलाची आई जन्मभर शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. तिच्या पेन्शनमधून त्या दुकानातला अंड्यांचा एक ट्रे आणला की महिना आटोपला. ती दुकानात जायची ते नुसतं बघायला, आणि घरी येऊन फोनवर काय काय बघितलं ते लेकीला सांगायची.

‘आता आमच्याकडे दोनच वर्ग आहेत मावशी,’ यामिला म्हणाली होती. ‘ज्यांचं कुणीतरी बाहेर आहे ते, आणि ज्यांचं कुणीच बाहेर नाही ते.’ ती वर्ग म्हणाली, मी मनातल्या मनात जात म्हणाले. म्हातारपणी तुम्ही चीज खाणार की ते नुसतं बघणार, हे तुमची पोरं कुठल्या विमानात बसली यावर ठरायचं असेल तर दुसरं काय म्हणणार?

मग तिचं म्हणणं असं, की सगळ्यांना पाव द्यायला सरकारकडे पीठ नाही. तर वस्तू सगळ्यांना स्वस्त करण्याऐवजी ज्याला गरज आहे त्यालाच मदत द्या. ऐकायला कसं छान वाटतं! पण गरज कुणाला हे ओळखायचं कसं? पगाराचे आकडे काही कामाचे नाहीत, कारण निम्मी कमाई टेबलाखालची. सरकारकडे खात्रीची नोंद एकच, देश सोडून कोण गेलं त्याची. म्हणून यामिलाने अट बसवली. ज्यांचं मूल किंवा नवरा-बायको परदेशात आहे त्यांना बाहेरून पैसे येतात असं धरायचं आणि त्यांचा पाव बंद करायचा. वाचलेलं पीठ उरलेल्यांना, म्हणजे त्यांचा पाव तरी धड होईल. तिच्या प्रोफेसरबाई खूश झाल्या. ‘क्लीन,’ म्हणाल्या. तपासायला सोपी, फसवायला अवघड. परत गेल्यावर खात्यात हाच प्रस्ताव मांडायचा असं तिच्या साहेबांनीही आधीच सांगून ठेवलं होतं. म्हणजे ही नुसती मार्कांपुरती गोष्ट नव्हती.

त्या उन्हाळ्यात आमच्या जेवणाच्या टेबलावर रोज ही अट वाढलेली असायची. मी कौन्सिलच्या बेनिफिट खात्यात नोकरी करते. कुणाला घरभाड्याची मदत मिळायची आणि कुणाला नाही, हे बघण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. त्यामुळे यामिला मला विचारायची, ‘मावशी, तुम्ही कसं ठरवता?’ मी म्हणायचे, मी काही ठरवत नाही बाई. अट वरून येते, मी माणूस अटीत बसतं का ते बघते. एकटी राहते म्हणणाऱ्या बाईच्या घरात दोन टूथब्रश दिसले तर विचारावं लागतं. विचारताना मलाही बरं वाटत नाही आणि तिलाही. पण कुठेतरी रेघ मारावीच लागते, आणि रेघेच्या पलीकडे नेहमी कुणीतरी असं सापडतं की ते खरं अलीकडे हवं होतं. त्यांना आम्ही अपील करा म्हणतो.

माधवचं मत याहून सोपं. ‘अगं, परफेक्ट डेटा कुणाकडेच नसतो. प्रॉक्सी, म्हणजे त्याच्या जागी दुसरा अंदाज, वापरावा लागतो. मेजॉरिटीला बरोबर लागू झाला की शिप करायचं, सोडायचं बाजारात. बाकीच्या एज केसेस, कडेला उरतात त्या.’

‘एज केसला जेवायला लागतं ना पण,’ मी म्हटलं.

‘ते फेज टूमध्ये,’ माधव म्हणाला आणि आमटी वाढून घेतली. तो काही वाईट माणूस नाही. त्याचं ऑफिस असंच चालतं.

रविवारी दुपारी यामिलाच्या आईचा व्हिडिओ कॉल यायचा. तिथे तेव्हा सकाळ, आणि लाइट असला तरच. बाई अंगणात खुर्ची टाकून बसलेल्या, मागे केळीचं एक फाटकं पान, आणि पानाच्या बाजूला कायम एक दुसरी बाई, डोक्याला कर्लर लावून, कॅमेऱ्यात डोकावणारी. ही शेजारीण ओल्गा. मी तिला ओल्गाकाकू करून टाकलं. ती मला बघितलं की दोन्ही हात हलवायची आणि काहीतरी लांबलचक विचारायची. यामिला भाषांतर करायची, ‘त्या विचारतायत, त्यांचा रोलांदो तुम्हाला कुठे भेटला का?’

रोलांदो हा तिचा एकुलता एक मुलगा. तो देश सोडून निघाला, आधी विमानाने, मग पायी, दोन-तीन देश ओलांडत. एका सीमेवरून त्याने फोन केला की उद्या पलीकडे जातो, आणि त्यानंतर फोन नाही. वर्षं झाली. जगात सगळे बाहेर गेलेले एकाच मोठ्या गावात राहतात अशी ओल्गाकाकूंची समजूत असावी, त्यामुळे मी क्रॉयडनची असले तरी मला तो दिसायला हरकत नव्हती. मी दर रविवारी सांगायचे की नाही दिसला, दिसला की कळवते. दुसरं काय सांगणार?

पण पावाच्या रांगेत ओल्गाकाकू वेगळंच सांगायच्या. रोलांदो पाठवतो. दर महिन्याला पाठवतो. या चपला त्यानेच पाठवल्या. सगळ्यांना माहीत होतं की चपला यामिलाच्या आईच्या आहेत, पण रांगेत कुणी तसं म्हणायचं नाही. पोरगा पाठवत नाही म्हणणं म्हणजे एकतर पोरगा नालायक आहे म्हणणं, नाहीतर जे कुणालाच तोंडातून काढायचं नव्हतं ते म्हणणं. माझी आई नव्या कुकरपासून पायपुसण्यापर्यंत सगळं ‘लेकीने पाठवलं’ म्हणून दाखवायची आणि घ्यायची स्वतःच्या पेन्शनमधून. मला सोसायटीतल्या बायकांकडून कळलं तेव्हा मी चिडले होते. ती म्हणाली, तुझं काय जातंय? मला बरं वाटतं.

जुलै संपत असताना एका रविवारी यामिलाच्या आईने विचारलं, ‘तुझ्या त्या नियमात मी कुठे बसते गं?’

यामिला तेव्हा स्वयंपाकघरातच उभी होती, फोन चहाच्या डब्याला टेकवून. मी भेंडी चिरत होते. भाषा कळत नसली तरी आवाज कळतो; शब्द यामिलाने मला नंतर सांगितले. ती आधी इकडचं तिकडचं बोलली. आईने पुन्हा विचारलं. गणिताच्या बाई त्या, सोडणार थोड्याच. मग यामिलाने सांगितलं की मी इथे राहिले तर तू यादीच्या बाहेर, मी परत आले तर तू आत.

‘आणि ओल्गा?’

‘बाहेर.’

केळीच्या पानामागून ओल्गाकाकू हसत हात हलवत होत्या. त्यांना वाटलं त्यांची आठवण काढली. यामिलाने फोन ठेवला आणि माझ्यासमोर खुर्चीत बसून रडली. मी भेंडीचे हात पुसले, तिच्या पाठीवर हात ठेवला. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं आश्चर्यही वाटलं की हे तिला इतक्या उशिरा दिसलं. पण अट लिहिताना माणसं दिसत नाहीतच. ती पुढे येऊन खुर्चीत बसतात तेव्हा दिसतात, हे मला नोकरीमुळे माहीत होतं.

त्यानंतरचा ऑगस्ट तिने खिडकीत बसून काढला. अट वाकवून बघितली, तोडून बघितली. बाहेर कुणी असणं पुरेसं नाही, पैसे येतात हे सिद्ध व्हावं असं लिहिलं, तर पैसे येतात ते तिकडे जाणाऱ्या कुणाच्या तरी बुटात नाहीतर दुधाच्या पावडरीच्या डब्यात लपून, सिद्ध कोण करणार? मी म्हटलं, अगं, तुमची रांग सगळं लक्षात ठेवते ना, मग रांगेलाच विचारा की गरीब कोण. ती म्हणाली, ‘मावशी, रांगेत ओल्गाकाकूच सांगतात की पोरगा पाठवतो म्हणून. आणि रांगेच्या वर गल्लीची कमिटी असते. तिच्यातला माणूस त्याच्या सभेला टाळ्या वाजवणाऱ्यांना गरीब ठरवेल.’  आमच्याकडे पुढे रेशनकार्डांना पिवळा, केशरी, पांढरा असे रंग आले, तेव्हा कोण पिवळ्यात बसलं आणि कोण राहिलं हे चिंचवडला सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी बोलत नव्हतं.

‘मग सगळ्यांना द्या,’ मी म्हटलं.

‘पीठ कुठून आणू?’ ती एवढ्या जोरात ओरडली की माधव वरून खाली आला.

माधवने दुसराच तोडगा काढला. तो मनापासून बोलत होता. ‘तू जाऊच नकोस. स्कॉलरशिपवाल्यांशी बोल, पैसे फेडायला लागले तर फेडू हळूहळू. ब्रॅकनेलला डेटावाले लोक कायम हवे असतात. इथून आईला पाठव. आईचा प्रश्न सुटला.’

‘आणि ओल्गाकाकूंचा?’

‘त्यांनाही पाठव थोडे.’

यामिला चिडली नाही. शांतपणे म्हणाली, ‘म्हणजे नियम खरा होईल. ज्यांचं बाहेर कुणी आहे त्यांना पैसे मिळतात.’ मग म्हणाली, ‘आणि तिथल्या ऑफिसात माझ्या जागेवर जो बसेल, त्याला ओल्गाकाकू कोण हे माहीतही नसेल.’ मग ती वर गेली आणि पंखा घरघरायला लागला. माधव मला म्हणाला, ‘मी काही चुकीचं बोललो का?’ मी म्हटलं, नाही रे. बरोबरच बोललास. आपणही तेच केलं की.

त्या दिवसांतला उकाडा मला अजून अंगावर आठवतो. हिरवळ जळून पिवळी पडली होती. शेजारच्या घरातला पोरगा ए-लेव्हलचे, म्हणजे इथल्या बारावीचे, रिझल्ट लागले म्हणून दिवसभर मोठ्याने गाणी लावत होता. मी गल्लीतून ब्लॅकबेरी आणून मुरांबा करत होते. सगळ्या घराला तो आंबटगोड, किंचित करपलेला वास. तिच्या खोलीत ताटली नेऊन दिली की ती न बघता बोटं बुडवायची आणि कीबोर्डावर जांभळे ठसे उमटायचे. मला ते बघायला बरं वाटायचं. रिया अभ्यासाला बसायची तेव्हा असंच बरं वाटायचं, आणि तेवढ्यापुरतं तो पाव, तो देश, ती अट सगळं फार लांबचं होऊन जायचं. हे माझ्या स्वभावातच आहे. ऑफिसातलं ऑफिसात ठेवता आलं नसतं तर मी इतकी वर्षं टिकले नसते.

शेवटी तिने अट ठेवली. दुसरी सापडली नाही. पण तिच्याखाली एक परिच्छेद घातला, नाव न घेता. एक बाई, वय सत्तरच्या आसपास, मुलगा परदेशात असल्याची सरकारी नोंद, त्याचा ठावठिकाणा नाही, पैसे येतात असं ती स्वतःच सांगते. ही अट हिला उपाशी ठेवील, आणि ती अपील करणार नाही, कारण अपिलात तिला लिहून द्यावं लागेल की मुलाचा पत्ता मला माहीत नाही. अशा बायका किती आहेत हे आम्हाला माहीत नाही, ते आधी शोधा, तोवर अट लावू नका. प्रोफेसरबाई म्हणाल्या, हे फार भावनिक होतंय, विश्लेषणाला धक्का लागतो, काढून टाक. यामिलाने काढलं नाही. मार्क बरे पडले, फार चांगले नाही पडले. मला तिचा अभिमान वाटला. तसं मी तिला सांगितलंही, कारण इंग्रजीत ते सांगणं सोपं जातं.

सप्टेंबरात ती गेली. बॅगेत औषधं, एलईडी बल्ब, सुया, सायकलच्या ट्यूबा, आईला चीज आणि ओल्गाकाकूंना खऱ्या नव्या चपला. ईस्ट क्रॉयडनच्या प्लॅटफॉर्मवर मी तिला विचारलं, ‘ठरलंय ना नक्की?’ ती म्हणाली, ‘परिच्छेद माझ्याबरोबर गेला तर कुणीतरी वाचेल, मावशी. नुसता पाठवला तर नाही वाचणार.’ मग तिने मला मिठी मारली, ट्रेन आली, मोठ्या बॅगा ढकलणाऱ्या माणसांना सगळे जशी नाइलाजाने वाट देतात तशी तिलाही दिली. घरी येऊन मी बाथटबमधली बादली ओतून टाकली. नंतर तिची खोली नागपूरच्या एका मुलाला दिली. तो हेडफोन लावूनच बसतो, खिडकी उघडत नाही.

फोन कधीमधी येतो. नेट असलं, लाइट असला, दोघी मोकळ्या असलो तर. मधल्या काळात माझ्या ऑफिसातही अटी बदलल्या. म्हाताऱ्यांना थंडीत हीटिंगसाठी मिळणारे पैसे सगळ्यांना द्यायचे की गरजूंनाच, यावर इथेही टीव्हीवर मोठमोठ्याने वाद झाले. तेच शब्द, तीच रेघ, फक्त देश श्रीमंत. एक आजीबाई काउंटरवर येऊन मला म्हणाल्या, मी रेघेच्या वर आहे म्हणे, मला तर काही वर असल्यासारखं वाटत नाही. मी त्यांना अपिलाची पद्धत समजावून सांगितली.

गेल्या आठवड्यात यामिलाचा फोन आला. आवाज थकलेला. तिच्या भागात अट लागू झाली आहे, आधी एका जिल्ह्यापुरती, बघायला. वरच्यांनी तिचा प्रबंध वाचला होता. अट घेतली, खालचा परिच्छेद गाळला. तिने तीनदा अर्ज करून तो पुन्हा समोर ठेवला. तिला सांगण्यात आलं की विचार होईल. तिच्या आईचा पाव चालू आहे, कारण लेक परत आली. ओल्गाकाकूंचा बंद झाला. यामिलाची आई स्वतःचा पाव रोज मधोमध कापते आणि अर्धा भिंतीवरून पलीकडे देते. ओल्गाकाकू तो घेतात आणि रांगेत मात्र सांगतात की आता मला कार्डावरचा पाव नकोच, पोरगा आहे ना.

‘तुझ्यावर चिडल्या का गं?’ मी विचारलं.

‘ऑफिसात आल्या होत्या,’ यामिला म्हणाली.

चांगला फ्रॉक घालून, केस सोडून, तिने आणलेल्या चपला घालून. यामिलाने त्यांना खुर्ची दिली. शिव्या ऐकायची तयारी केलीच होती तिने. अपील कसं करायचं ते सगळं हळूहळू समजावलं, पत्ता माहीत नाही असं लिहिलं तरी चालेल, मी स्वतः लिहिते, तुम्ही फक्त सही करा, असं म्हणाली. ओल्गाकाकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग खोलीत दुसरं कुणी नाही ना ते मागे वळून बघितलं, खुर्ची पुढे ओढली, आणि यामिलाचा हात हातात घेतला.

‘पावाचं राहू दे बाळा,’ त्या म्हणाल्या. ‘सरकार म्हणतंय तो तिकडे आहे आणि मला पाठवतोय. म्हणजे सरकारला माहीत आहे. तो कुठे आहे, तेवढं फक्त सांग.’